पहिलं भांडवल गिऱ्हाइकाचं

मूर्तिजापूर स्टेशनात मुंबई-हावडा मार्गाचे रुंद रूळ सोडून दोन अरुंद रूळ वेगळे होतात. एक फाटा दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूरला जातो, ७६ किलोमीटर. दुसरा कारंजा, दारव्हा करत यवतमाळला, ११३ किलोमीटर. वऱ्हाडाने या गाडीला ‘शकुंतला’ म्हणून जीव लावला. गरिबाची गाडी म्हणून ती अनेक पिढ्यांच्या आठवणीत आहे आणि ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून इथली माणसं आजही बोलतात. पण तिचा जन्म गरिबासाठी झाला नव्हता. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने १९१० च्या सुमारास सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी करून हा मार्ग बांधला, तो इथला कापूस मुंबईच्या बंदरावर आणि तिथून विलायतेला नेण्यासाठी. देश स्वतंत्र झाला, रेल्वे सरकारची झाली, तरी या रुळांची मालकी पुढे कित्येक दशकं कंपनीकडेच राहिली. वाफेचं इंजिन जाऊन डिझेलचं यायला १९९४ साल उजाडलं.

रूळ कुठून कुठे जायचे हे पैसा घालणाऱ्याने ठरवलं होतं. कापूस इथे पिकायचा, गाठ इथे बांधली जायची, आणि सूत, कापड, नफा, निर्णय हे सगळं रुळांच्या दुसऱ्या टोकाला होतं. परक्या पैशाने आपल्याला गाडी दिली हे खरं, त्याबद्दल तक्रार नाही. पण गाडीची दिशा ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे कधीच आला नाही.

आज अमरावती-अकोल्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत, विद्यापीठाच्या नवउद्योग केंद्रात, चहाच्या टपऱ्यांवर ‘स्टार्टअप’ हा शब्द रोज ऐकू येतो, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र त्या शब्दाच्या मागोमाग लगेच येणारा प्रश्न मला अस्वस्थ करतो. ‘फंडिंग मिळालं का?’ गिऱ्हाईक मिळालं का, हे क्वचितच कोणी विचारतं. फंडिंग नाही म्हणजे कंपनी नाही, फंडिंग मुंबई-बंगळुरात मिळतं, म्हणून गाव सोडायचं, असं गणित पोरांच्या मनात पक्कं बसलं आहे. रोज रात्री अमरावतीहून पुण्याला निघणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या गाड्या या गणितावर भरतात. हे गणित चुकीचं आहे असं माझं म्हणणं आहे. वऱ्हाडात उभ्या राहणाऱ्या बहुतेक उद्योगांसाठी पहिलं आणि सर्वांत चांगलं भांडवल गिऱ्हाइकाचं आहे, आणि ते उभं करण्याची रीत या मातीला नवी नाही.

आधी परक्या पैशाचा आपला अनुभव पाहू. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. १८५३ पासून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात होतं आणि इथली काळी जमीन कापसाची होती. भाव चढले, ज्वारीच्या वावरात कपाशी आली, मुंबईहून पैसा घेऊन माणसं उतरली. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण ज्या समृद्धीकडे बोट दाखवते, तिला या चार वर्षांनी मोठी झळाळी दिली. मुंबईत तर कापसाच्या पैशावर शेअरचा सट्टा इतका फोफावला की समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांचे कागद सोन्याच्या भावाने विकले गेले. १८६५ मध्ये युद्ध संपलं. भाव कोसळले, मुंबईच्या पेढ्या बुडाल्या, प्रेमचंद रायचंदांसारखा मातब्बरही त्या लाटेत सापडला. वऱ्हाडातल्या कास्तकाराच्या हाती उरली ती कपाशीकडे वळलेली जमीन आणि सावकाराचं देणं. पुढे १८९९-१९०० च्या दुष्काळात अन्नधान्याऐवजी नगदी पिकावर विसंबलेल्या या सुपीक प्रदेशात माणसं भुकेने मेली.

हा इतिहास सांगताना मला पैशाला नावं ठेवायची नाहीत. त्या पैशाला स्वतःचं एक पंचांग होतं आणि ते अमेरिकेतल्या युद्धाशी बांधलेलं होतं, वऱ्हाडातल्या पावसाशी नव्हतं. प्रत्येक पैसा असं पंचांग सोबत घेऊन येतो. बँकेचा पैसा महिन्याच्या हप्त्याचं आणतो, सावकाराचा सुगीचं, गिऱ्हाइकाचा वापराचं आणि समाधानाचं. कोणाचा पैसा घ्यायचा हे ठरवणं म्हणजे कोणत्या पंचांगाने चालायचं हे ठरवणं.

मग साहसवित्ताचं, म्हणजे व्हेंचर कॅपिटलचं पंचांग कोणतं? त्याची संस्थात्मक सुरुवात अमेरिकेत १९४६ साली बोस्टनमध्ये झाली. जॉर्ज डोरिओ या प्राध्यापकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी एक कंपनी काढली. तिने १९५७ मध्ये डिजिटल इक्विपमेंट या नव्या संगणक कंपनीत ७०,००० डॉलर घातले आणि दहा-बारा वर्षांत त्याचे कोट्यवधी झाले. बाकीच्या किती गुंतवणुकी फसल्या याला मग महत्त्व राहिलं नाही, कारण त्या एकीने सगळ्यांचं भरून काढलं. तेव्हापासून हा धंदा याच हिशोबावर उभा आहे. निधीची मुदत साधारण दहा वर्षांची. त्या मुदतीत वीस-तीस कंपन्यांपैकी एक-दोन प्रचंड मोठ्या झाल्या पाहिजेत, बाकीच्या गेल्या तरी चालतील. गुंतवणूकदार दुष्ट असतो असं मुळीच नाही. त्यानेही दुसऱ्यांचा पैसा परत करण्याचं वचन दिलेलं असतं. पण त्याच्या हिशोबात मध्यम यशाला जागा नसते.

आता एक उदाहरण कल्पनेने उभं करू. अमरावतीच्या बाजार समितीत अडतीची दुकानं आहेत. शेतकऱ्याचा माल आला की वजन, हमाली, तोलाई, सौदा, हिशोबपट्टी, चुकारा अशी साखळी चालते. समजा, तीन पोरांनी मिळून या दुकानांसाठी मराठीत चालणारं हिशोबाचं सॉफ्टवेअर केलं आणि दुकानामागे वर्षाला ६,००० रुपये घेतले. अमरावती, अकोला, वाशिम, खामगाव मिळून पहिल्या वर्षी २०० दुकानं झाली, तर १२ लाख रुपये जमा होतात. तिघांना महिना २५,००० प्रमाणे ९ लाख गेले. खोलीचं भाडं, वीज, सर्व्हर, गाडीचं पेट्रोल यांचे दीड लाख गेले. उरले दीड लाख. दुसऱ्या वर्षी ४०० दुकानं झाली आणि एक माणूस वाढवला, तर २४ लाख आले, पगाराचे १२ आणि खर्चाचे ३ लाख गेले, उरले ९ लाख. चार घरं गावात राहून चालली, चारशे दुकानांचा हिशोब सरळ झाला, आणि नफ्याचा प्रत्येक रुपया पुढच्या कामाला मोकळा राहिला.

माझ्या दृष्टीने ही यशस्वी कंपनी आहे. तिच्यात आणखी दहा वर्षं वाढण्याची ताकद आहे. पण शेकडो कोटींच्या निधीच्या हिशोबात २४ लाखांची ही कंपनी दिसणारसुद्धा नाही. तिने त्यांचा पैसा घेतला, तर चारशेवरून चाळीस हजार दुकानांवर लगेच गेलं पाहिजे असा दबाव येईल. चाळीस हजार दुकानं गाठायला फुकट वाटप करावं लागेल. फुकट वाटताना दुकानदाराचं खरं दुखणं ऐकायला वेळ राहणार नाही. मग तिघांपैकी एक पोरगा कंटाळेल, दुसऱ्याचा हिस्सा कमी होईल आणि मूळ चारशे दुकानांचे फोन उचलायला कोणी उरणार नाही. चांगली चाललेली मध्यम कंपनी चुकीच्या पंचांगावर बसवल्याने मोडू शकते. मोठ्या आकड्यांवर भाळणाऱ्यांनी बायजूजचा प्रवास डोळ्यांसमोर ठेवावा. २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर मूल्यांकन आणि जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया. मूल्यांकन म्हणजे गुंतवणूकदाराचा अंदाज. गल्ल्यातली रक्कम ही वेगळी गोष्ट आहे.

याउलट आपल्याकडे काय आहे? अकोला हे तूरडाळीचं मोठं केंद्र. डाळ मिल आत जाऊन नीट पाहिली, तर धंद्याच्या शाळेत मिळणार नाही असा धडा तिथे मिळतो. तूर आली की आधी चाळण्यांवरून जाते. काडीकचरा, खडे, माती वेगळी होते, दाणा लहान-मोठा वेगळा होतो. मग एमरीच्या रोलरमध्ये घासून टरफलाला ओरखडे पाडतात, तेलाचा हात देऊन ढीग मुरत ठेवतात, उन्हात वाळवतात, पाणी मारतात, पुन्हा वाळवतात. त्यानंतर दाणा फुटतो. क्विंटलभर तुरीतून साधारण ७० ते ७५ किलो डाळ निघते. अखंड, चकचकीत ती फटका डाळ, तिचा भाव वेगळा. त्याखालची सवा नंबर. तुकडा पडला तो खांडा, त्याला वेगळं गिऱ्हाईक. बारीक चुरा आणि टरफल मिळून चुनी, ती ढोरांच्या खाद्याला जाते. मिलवाल्याला विचारा, नफा कुठे आहे? तो शेवटच्या दोन किलो डाळीकडे आणि चुनीच्या पोत्यांकडे बोट दाखवेल. तूर घेतली त्या भावात आणि डाळ विकली त्या भावात फरक फार थोडा असतो. माल वाया जाऊ न देणं, दाणा कमी तुटणं, चुनीसुद्धा रोखीने विकणं, यावर मिल तरते.

जिनिंगमध्येही हेच आहे. १०० किलो कापसातून ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. सरकीचं तेल होतं, ढेप होते. रुईच्या भावाने धोका दिला तरी सरकी सावरून घेते. शेगावची कचोरी घ्या. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी १९५० च्या सुमारास शेगाव स्टेशनावर ती विकायला सुरुवात केली. स्टेशनावरच्या गिऱ्हाइकाला उधारी देता येत नाही, गाडी सुटण्याआधी तो पैसे देतो. सकाळी तळलेला माल संध्याकाळी रोख होतो आणि दुसऱ्या दिवशीची डाळ, मैदा, तेल त्याच पैशातून येतं. पैसा दिवसात एकदा फिरतो, म्हणून थोडा पैसा पुरतो. भांडवल किती आहे यापेक्षा ते किती वेळा फिरतं, हा हिशोब मोठमोठ्या कंपन्यांच्या अहवालांत वेगळ्या नावाने येतो. शेगावच्या फलाटावर तो रोज डोळ्यांसमोर चालतो.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती पीकेव्ही मिनी डाळ मिल. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या अभियंत्यांनी ती विकसित केली आणि विदर्भातल्या गावोगावी तरुणांनी, महिला बचत गटांनी ती बसवली. शहरातल्या मोठ्या मिलवाल्याला जानेवारी ते मार्च तूर रोखीने विकत घेऊन वर्षभर सांभाळावी लागते. त्याचे कोट्यवधी रुपये पोत्यांत अडकतात. गावातली मिनी मिल वेगळ्या तऱ्हेने चालते. शेतकरी स्वतःच्या घरची तूर घेऊन येतो, मजुरी देतो आणि डाळ घेऊन जातो. कच्चा माल गिऱ्हाइकाचा, तयार मालही गिऱ्हाइकाचा, भाव पडण्याचा धोका मिलवालीच्या डोक्यावर नाही. तिचं भांडवल म्हणजे यंत्र, वीज आणि तिचं कसब. गिऱ्हाइकाचं भांडवल म्हणतो ते हेच. ते अक्षरशः पोत्यात भरून दारात येतं.

सॉफ्टवेअर, सेवा, यंत्रं बनवणाऱ्या नव्या पोरांना ही रीत जशीच्या तशी लागू पडते. वर्षाची फी आगाऊ मागा आणि त्याबद्दल थोडी सूट द्या. मागायची वेळही इथल्या पंचांगाने ठरवा. तूर, कापूस विकून बाजारात पैसा खेळतो तेव्हा, जानेवारी ते मार्च, नूतनीकरण करा. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर मागायला गेलात तर दुकानदार हात जोडेल आणि त्याचं बरोबर असेल. आपली चुनी शोधा. दुकानात प्रिंटर बसवणं, जुन्या वह्यांची नोंद संगणकात भरून देणं, मुनीमजींना शिकवणं, हे काम कमीपणाचं समजू नका. त्याचे पैसे घ्या. त्या पैशावर तुमचं मूळ उत्पादन मोठं होईल.

कोणी म्हणेल, कचोरी आणि डाळ ठीक, तंत्रज्ञानाचं काय? तर आपल्याच माणसाचं उदाहरण आहे. कैलास काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातले, दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायला लागले. १९९३ मध्ये त्यांनी संगणक दुरुस्तीची कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस सुरू केली. दुरुस्तीला येणारे कितीतरी संगणक व्हायरसने बिघडलेले असायचे. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी त्यावर उपाय लिहायला घेतला आणि १९९५ च्या सुमारास क्विक हील बाजारात आलं. दुरुस्तीच्या बिलांनी अँटिव्हायरसला पोसलं. बाहेरच्या गुंतवणूकदाराचा पैसा, सिकोयाचा, त्यांनी २०१० मध्ये घेतला. तोवर कंपनीला १७ वर्षं झाली होती, गिऱ्हाईक पक्कं होतं, आणि मागणाऱ्याच्या जागी बसण्याऐवजी निवडणाऱ्याच्या जागी बसून ते बोलू शकत होते. २०१६ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले. फंडिंग कधीच घेऊ नका असं मी म्हणत नाही. त्याच्याशिवाय जगता येईल इतकं आधी उभं राहा, मग घ्यायचं की नाही ते ठरवा.

देशातही याहून मोठे दाखले आहेत. श्रीधर वेंबूंची झोहो १९९६ पासून गिऱ्हाइकांच्या पैशावर वाढली आणि तमिळनाडूतल्या तेनकाशीजवळच्या खेड्यातूनही जगाला सॉफ्टवेअर विकते. नितीन कामत यांनी २०१० मध्ये सुरू केलेली झिरोधाही अशीच. तेनकाशीला जे जमलं ते आपल्या परतवाड्याला का जमू नये? तेनकाशीहूनही पोरं शहरात जातात.

आता या म्हणण्यावरच्या आक्षेपांकडे येतो. त्यातले काही खरे आहेत.

पहिला आक्षेप असा, की स्वतःच्या पैशावर उभं राहणं हे ज्यांच्या बापाची पेढी आहे त्यांना सोपं. हे खरं आहे आणि त्यावर कोरडं ‘कष्ट करा’ म्हणणं अन्यायाचं होईल. वऱ्हाडातल्या डाळ मिल आणि जिनिंग मिल ज्यांनी उभ्या केल्या त्यांच्यामागे नात्यागोत्याची पत होती. कोरडवाहू पाच एकरांच्या कास्तकाराच्या मुलीला, भीमनगरातल्या मुलाला ती पत नाही. दोन महिने पगार नसेल तर घर बसतं. पण साहसवित्तही या मुलीला शोधत इथे येत नाही. ते ओळखीच्या कॉलेजांत आणि ओळखीच्या शहरांत फिरतं. तिला हवी आहे ती पहिल्या एक-दोन लाखांची सोय आणि वर्षभराचा धीर. मुद्रा कर्ज, प्रक्रिया उद्योगासाठी केंद्राच्या योजनेतलं ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंतचं अनुदान, बचत गट, गावची पतसंस्था, हे तिचे मार्ग आहेत आणि ते तिच्यापर्यंत पोचवणं हे बँकांचं आणि विद्यापीठांचं काम आहे. तिला माझी एकच विनंती राहील. अनुदानासाठी धंदा काढू नकोस. गिऱ्हाईक असेल तर अनुदान हातभार लावतं, गिऱ्हाईक नसेल तर यंत्र शेडमध्ये गंजतं. अशी गंजलेली यंत्रं तालुक्या-तालुक्यात मी पाहिली आहेत.

दुसरा आक्षेप, काही कामांना मोठा पैसा आणि मोठा काळ लागतोच. औषधाचं संशोधन, नवी बॅटरी, नवं वाण, ही कामं दुकानदाराच्या आगाऊ फीवर होत नाहीत. मान्य. पण अशा कामांसाठी वऱ्हाडाने फार पूर्वी वेगळा मार्ग काढला होता. पापळच्या पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, शेतकऱ्याच्या पोरांनी शिकावं म्हणून. १९६९ मध्ये त्यांच्या नावाचं कृषी विद्यापीठ अकोल्यात झालं. १९७६ मध्ये राज्याचं बियाणे महामंडळ, महाबीज, अकोल्यातच आलं. वाण शोधणं, मिनी डाळ मिलचा आराखडा करणं, हा खर्च समाजाने उचलला, म्हणून गावातला उद्योजक थोड्या पैशात उभा राहू शकला. दीर्घ मुदतीचं धीराचं भांडवल समाजाचं, रोजच्या चालण्याचं भांडवल गिऱ्हाइकाचं, अशी ही विभागणी आहे. आज विद्यापीठांत जागा रिकाम्या राहतात, संशोधनाला पैसा कमी पडतो, तेव्हा पहिला आधार ढासळतो. त्यावर आवाज उठवणं हे स्टार्टअपच्या गप्पांइतकंच उद्योगाचं काम आहे.

तिसरा आक्षेप, आपण हळू चालू आणि पैसेवाला प्रतिस्पर्धी आपल्याला गिळेल. तो फुकट वाटेल, जाहिरात करेल, काही गिऱ्हाइकं नेईलही. पण अचलपूरच्या अडत्याचा संगणक हंगामात, संध्याकाळी सात वाजता बंद पडला, तर अर्ध्या तासात दुचाकीवर कोण पोचेल? वऱ्हाडी बोलीत त्याचं ऐकून कोण घेईल? प्रतिस्पर्ध्याचा पैसा संपला की त्याचं फुकट वाटप थांबतं. तुमचं दार मात्र उघडं असतं.

गिऱ्हाइकाच्या पैशावर चालणाऱ्या धंद्याचा खरा वैरी प्रतिस्पर्धी नाही, उधारी आहे. इथे मला आपल्याच समाजाबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. मी बरीच वर्षं लहान धंद्यांच्या हिशोबाच्या वह्या जवळून पाहतो आहे. त्यातले जे बुडाले, त्यातल्या अनेकांकडे काम होतं, गिऱ्हाईक होतं, कागदावर नफाही होता. नव्हती ती वसुली. काम झालं, बिल गेलं, आणि मग ‘पुढच्या हप्त्यात या’, ‘साहेब रजेवर आहेत’, ‘मोठी रक्कम यायची आहे, आली की देतो’. सहा महिने, वर्ष. पोरगा बिल मागायला जातो तेव्हा त्याला बाकावर बसवून ठेवतात, जणू तो भीक मागायला आला आहे. तोवर त्याने दोन माणसांचा पगार आईची पोत गहाण टाकून भागवलेला असतो. ही उधारी म्हणजे लहानाने मोठ्याला दिलेलं बिनव्याजी कर्ज आहे. ज्याच्याकडे सर्वांत कमी पैसा आहे, त्याच्याच पैशावर मोठ्याचा धंदा चालतो.

कायदा याबाबत लहानाच्या बाजूने आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं, नाहीतर चक्रवाढ व्याज लागतं. आयकर कायद्यात आलेल्या नव्या तरतुदीने, २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून, मुदत उलटून वर्षअखेरपर्यंतही न दिलेली अशी रक्कम देणाऱ्याला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही. त्यासाठी लहान उद्योगाकडे उद्यम नोंदणी हवी, बिलावर तारीख हवी आणि कामाची लेखी मागणी हवी. नव्या पोरांनी हे तिन्ही पहिल्या दिवसापासून सांभाळावं. पण कायद्याच्या नोटिशीने गिऱ्हाईक तुटतं हेही मला माहीत आहे. म्हणून हा प्रश्न शेवटी रीतीचा आहे आणि रीत मोठ्यांनी पाडायची असते.

अकोला आणि अमरावतीजवळच्या नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतींतल्या कारखानदारांना, मिलमालकांना, शिक्षणसंस्थांच्या चालकांना, दवाखान्यांना आणि सरकारी कचेऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. तुम्ही सगळे तरुण उद्योजकांच्या सत्काराला येता, भाषणं करता, शाल देता. त्याऐवजी एक करा. गावातल्या पोराकडून काम घेतलंत, तर निम्मे पैसे आगाऊ द्या आणि उरलेले ४५ दिवसांच्या आत. इतकं केलंत तर या दोन जिल्ह्यांत जितकं भांडवल उभं राहील, तितकं आणायला कोणताही मोठा निधी इथे येणार नाही. शेतकऱ्याला मातीमोल भावात माल विकावा लागू नये म्हणून बाजार समित्या गोदामात ठेवलेल्या मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत ६ टक्के व्याजाने तारण कर्ज देतात. त्याच धर्तीवर, पक्क्या संस्थेने मंजूर केलेल्या बिलावर लहान उद्योजकाला पैसे देण्याची सोय आपल्या पतसंस्था आणि नागरी बँका सहज करू शकतात. बिल हीसुद्धा गोदामातली तूरच आहे.

आणि नव्या मुलामुलींनो, तुम्हाला इतकंच. सादरीकरणाच्या तेवीस पानांआधी एक गिऱ्हाईक शोधा, जे तुमच्या कामासाठी खिशातून पैसे काढेल. पाचशे रुपये असोत. त्याच्या दुकानात बसा, त्याचं दुखणं त्याच्या तोंडून ऐका, काम नीट करा, आणि पैसे घेताना लाजू नका. घरखर्च आणि धंद्याचा पैसा वेगळ्या खात्यांत ठेवा. सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत नवीन माणूस घेऊ नका. वर्षाला एकदा शांत बसून विचारा, आपला निर्णय आपल्या हातात आहे ना? तो असेल तर कंपनी लहान असली तरी तुमची आहे, आणि ती कुठल्या दिशेला जायची हे तुम्ही ठरवाल.

मूर्तिजापूरचे ते अरुंद रूळ दुसऱ्या कोणाच्या हिशोबाने टाकले गेले होते. आपले रूळ आपण टाकू. कंपनीचं नाव, बोधचिन्ह, सादरीकरण पुढच्या महिन्यात झालं तरी चालेल. पहिली पावती या आठवड्यात फाडा.